जॉन कोलमन : ९८ सामन्यांची पूर्ण कारकीर्द

पिंपळपान (मेलबर्न)

एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची (इथे त्याला फूटी म्हणतात) सर्वोच्च स्पर्धा. तिचा साखळी मोसम संपला की सर्वाधिक गोल करणाऱ्याला कोलमन पदक मिळतं. लान्स फ्रँकलिनने ते चार वेळा जिंकलं, त्यामुळे इथे वाढलेल्या आपल्या मुलांना पदकाचं नाव पाठ असतं. ज्याच्या नावाचं ते पदक, त्याच्याविषयी मात्र इथल्या जुन्याजाणत्या लोकांकडूनही बहुतेक वेळा एकच गोष्ट ऐकायला मिळते. गुडघा गेला बिचाऱ्याचा, काय काय करू शकला असता!

मला ही हळहळ पटत नाही. जॉन कोलमन मेलबर्नच्या एसेंडन क्लबकडून १९४९ ते १९५४ असे सहा मोसम खेळला. ९८ सामने, ५३७ गोल. त्याने जे केलं ते इतकं भरघोस आहे की न केलेल्याचा हिशोब मांडत बसणं त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून आज सवड काढून लिहिते आहे.

सुरुवात कोलमनच्या आधीपासून करावी लागेल, कारण एसेंडनची तेव्हाची दुखणी कळल्याशिवाय तो आल्याने काय झालं ते कळत नाही. १९४७ च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, एसेंडन कार्लटनकडून एका गुणाने हरला, ८६ विरुद्ध ८५. कार्लटनचे १३ गोल आणि ८ बिहाइंड, एसेंडनचे ११ गोल आणि १९ बिहाइंड. गोलला सहा गुण, बिहाइंडला एक. म्हणजे गोलच्या तोंडाशी जास्त वेळा पोचला एसेंडन, चषक नेला कार्लटनने. पुढच्या वर्षी तर कहर झाला. १९४८ च्या ग्रँड फायनलमध्ये मेलबर्न क्लबविरुद्ध एसेंडनने ७ गोल आणि २७ बिहाइंड मारले. सत्तावीस! मेलबर्नचे १० गोल, ९ बिहाइंड. दोघांचे ६९ गुण, बरोबरी. सामना पुन्हा खेळवला गेला आणि त्यात एसेंडन हरला.

सलग दोन वर्षं हातातला चषक असा गेला होता. आणि त्याच काळात मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरच्या हेस्टिंग्ज गावाकडून एक विशीतला पोरगा मोसमाला शंभराच्या वर गोल मारत होता. जन्म १९२८ चा, पोर्ट फेरीचा. समुद्रकाठची ही दोन्ही गावं व्हिक्टोरियातलीच, पण मेलबर्नच्या दोन दिशांना. उंची सुमारे सहा फूट एक इंच, अंगाने सडसडीत. खेळायची जागा फुल फॉरवर्डची.

१६ एप्रिल १९४९, विंडी हिलचं मैदान, समोर हॉथॉर्न. कोलमनचा पहिलाच सामना आणि त्यात १२ गोल. पदार्पणात इतके गोल आजवर दुसऱ्या कुणीही केलेले नाहीत.

मोसम पुढे सरकत गेला आणि ग्रँड फायनलपर्यंत त्याचे ९४ गोल झाले. समोर पुन्हा कार्लटन. एसेंडनने त्यांना १२५ विरुद्ध ५२ असं धुतलं. सामन्याचा निकाल केव्हाच लागला होता, तरी एमसीजीवरचं कुणी जागचं हललं नाही, कारण कोलमनचा आकडा वर वर चालला होता. अगदी शेवटच्या मिनिटांत त्याने त्या दिवशीचा सहावा गोल मारला. मोसमाचे शंभर. पहिल्याच मोसमात शंभर गोल मारणारा तो एकटाच, तेव्हाही आणि आजही.

१९५० मध्ये १२० गोल आणि नॉर्थ मेलबर्नला हरवून पुन्हा विजेतेपद. १९५१ मध्ये ७५. त्याची गोष्ट वेगळी आहे, ती खाली लिहीन. १९५२ मध्ये १०३. १९५३ मध्ये ९७. १९५४ च्या सातव्या फेरीत फिट्झरॉयविरुद्ध एका सामन्यात १४. आणि आठव्या फेरीत, ५ जून १९५४ ला, विंडी हिललाच नॉर्थ मेलबर्नविरुद्ध पाच गोल मारून झाल्यावर गुडघा निखळला. वय २५. त्यानंतर तो साखळीत, म्हणजे बड्या क्लबांच्या या स्पर्धेत, खेळला नाही.

---

मृण्मयी_

वाचायला घेतलं आणि थांबवेना. पण पिंपळपानताई, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. फुल फॉरवर्ड म्हणजे काय? आणि बिहाइंड? जरा आमच्यासारख्यांसाठी लिही ना.

---

पिंपळपान (मेलबर्न)

हो, ते आधीच लिहायला हवं होतं.

मैदान लंबगोल, क्रिकेटचंच. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून थेट लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. मधला आणि कडेचा खांब यांच्यामधून गेला तर बिहाइंड, एक गुण. म्हणून धावफलकावर ७.२७ (६९) असं लिहितात. ऑफसाइड नाही. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही. दुसऱ्याला द्यायचा तर मुठीने मारून किंवा लाथेने.

आता खरी गंमत. कुणी लाथाडलेला चेंडू जमिनीला न लागता झेलला की त्याला मार्क म्हणतात. मार्क घेणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, निवांतपणे त्याने पुढची लाथ मारायची. आणि मार्क घेताना प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर, खांद्यावर गुडघा टेकवून वर चढलेलं चालतं. गोलच्या अगदी तोंडाशी उभा असतो तो फुल फॉरवर्ड. त्याचं काम मार्क घ्यायचा आणि गोल मारायचा.

कोलमनच्या आधीही मोठे फुल फॉरवर्ड होऊन गेले. कॉलिंगवूडचा गॉर्डन कॉव्हेंट्री, साऊथ मेलबर्नचा बॉब प्रॅट. प्रॅटने १९३४ मध्ये एका मोसमात १५० गोल मारले होते आणि उंच उड्या तोही मारायचा. कोलमनचं वैशिष्ट्य असं की तो झोंबाझोंबीत पडायचा नाही. घोळक्याच्या मागे थोडं अंतर ठेवून राहायचा, चेंडू हवेत असताना धावत यायचा आणि सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू काढून घ्यायचा. त्याची छायाचित्रं पाहा. राखणाऱ्याची नजर वर चेंडूकडे असते आणि कोलमनचे गुडघे त्याच्या कानाशी.

---

अवलिया७८

लेख छान, पण काही शंका मांडतो. रागावू नका.

एक, पदार्पणातले १२ गोल हॉथॉर्नविरुद्ध. त्या काळात हॉथॉर्न हा तळाचा क्लब होता. १९५० मध्ये तर ते मोसमातले सगळेच्या सगळे सामने हरले. दोन, एसेंडनचा संघच तगडा होता. डिक रेनॉल्ड्स कर्णधार आणि प्रशिक्षक, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक तीन वेळा जिंकलेला माणूस. बिल हचिसनसारखा रोव्हर (मैदानभर पळून चेंडू मिळवणारा) चेंडू पुरवायला. अशा संघात फुल फॉरवर्डला चेंडू भरपूर मिळणारच. तीन, सरासरी काढली तर कोलमन पहिला नाहीच. त्याची ५.४८. हॉथॉर्नच्या पीटर हडसनने १२९ सामन्यांत ७२७ गोल केले, म्हणजे ५.६४.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. दीर्घकाळ खेळणं हाही खेळाडूच्या मोठेपणाचा भाग असतो. टोनी लॉकेटचे १३६० गोल आहेत. वय वाढतं, दुखापती होतात, बचावपटू तुमच्या सगळ्या युक्त्या ओळखून बसतात. या सगळ्याला पुरून उरणं कोलमनला करावंच लागलं नाही. ९८ सामन्यांवरून सर्वश्रेष्ठ ठरवणं मला तरी मान्य नाही.

---

पिंपळपान (मेलबर्न)

रागावण्यासारखं काहीच नाही, मुद्दे रास्त आहेत. सर्वश्रेष्ठ असं मी म्हटलेलं नाही. कारकीर्द पूर्ण आहे असं म्हटलं आहे.

हॉथॉर्नबद्दल बरोबर. पण तळाच्या क्लबाविरुद्ध बाकीचे अकरा क्लबही खेळत होते आणि दरवर्षी नवी पोरं पदार्पण करत होती. बारा गोल एकानेच मारले.

संघ तगडा होता, हेही खरं. पण हाच तगडा संघ १९४७ आणि १९४८ मध्ये गोलच्या तोंडाशी जाऊन गोल मारू शकत नव्हता. तेच रेनॉल्ड्स होते, तोच हचिसन होता. चेंडू पुरवणारे आधीपासून होते, पुरवलेल्या चेंडूचं सोनं करणारा १९४९ मध्ये आला. शिवाय १९५२ आणि १९५३ मध्ये एसेंडन ग्रँड फायनलपर्यंतसुद्धा पोचला नाही. रेनॉल्ड्स खेळाडू म्हणून निवृत्त झालेले. तरी कोलमनचे गोल १०३ आणि ९७.

आता काळाचा मुद्दा. नुसती सरासरी पाहण्यापेक्षा त्या त्या काळात गोल करणं किती सोपं किंवा अवघड होतं ते पाहायला हवं. कोलमनचा खेळ थांबल्यानंतर दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, साखळीत सर्वाधिक गोल करणारा होता सेंट किल्डाचा बिल यंग. त्याचे गोल किती? ५६. कोलमनच्या सगळ्यात कमी पूर्ण मोसमातही ७५ आहेत आणि तोही मोसम त्याला पुरा खेळू दिला नव्हता. १९५२ मध्ये त्याने शंभरी ओलांडली, त्यानंतर साखळीत मोसमाला शंभर गोल करणारा पुढचा माणूस उगवायला १९६८ साल उजाडलं. तो तुमचा हडसन, १२५ गोल. मधली पंधरा वर्षं कुणालाच जमलं नाही. चिखलाची मैदानं, ओला जड चेंडू आणि बचावाला महत्त्व देणारे प्रशिक्षक असा तो काळ होता.

हडसन सरासरीत पुढे आहे, मान्यच. तो थोरच खेळाडू. आणि बघा, १९७२ च्या पहिल्याच सामन्यात मध्यंतरापर्यंत आठ गोल मारून झाल्यावर त्याचाही गुडघा गेला.

---

रानवारा

१९५१ बद्दल लिहिणार होतीस ते राहिलं का? माझ्या कामावर एक पिढीजात एसेंडन समर्थक आहे. त्याच्यासमोर कॅस्पर हे नाव घेतलं तरी चेहरा बदलतो. हा गडी त्या वेळी जन्मलासुद्धा नव्हता!

---

पिंपळपान (मेलबर्न)

राहिलं नाही, त्यावर नीट लिहायचं होतं म्हणून थांबले होते.

१९५१ च्या साखळीचा शेवटचा सामना, प्रिन्सेस पार्कवर कार्लटनविरुद्ध. एसेंडन सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर. कोलमनला राखायला कार्लटनचा हॅरी कॅस्पर. दोघांत मारामारी झाली आणि दोघांचीही तक्रार नोंदवली गेली. या खेळात पंच खेळाडूला मैदानाबाहेर काढत नाहीत. तेव्हा ते तक्रार लिहून द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात लवादापुढे सुनावणी व्हायची. सुरुवात कॅस्परने केली, कोलमनने उलट मारलं, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण उलट मारणं हाही गुन्हाच. लवादाने दोघांना सारखीच शिक्षा दिली, प्रत्येकी चार आठवडे.

शिक्षा सारखी, पण तोलली तर सारखी नाही. कार्लटनचा मोसम तिथेच संपला होता, एसेंडनची बाद फेरी समोर उभी होती. चार आठवडे म्हणजे कोलमनची सगळी बाद फेरी गेली, ग्रँड फायनलसकट.

तरी एसेंडन ग्रँड फायनलला पोचला. समोर जिलाँग. रेनॉल्ड्स त्या वर्षी फक्त प्रशिक्षक होते, खेळणं सोडलं होतं. वय ३६. ग्रँड फायनलसाठी त्यांनी पुन्हा बूट चढवले, विसावा खेळाडू म्हणून राखीव बसले आणि शेवटच्या टप्प्यात मैदानात उतरले. एसेंडन ७०, जिलाँग ८१. अकरा गुण म्हणजे दोन गोलसुद्धा नाहीत. ज्या माणसाची सरासरी सामन्याला पाच गोलांच्या वर, तो बाहेर बसला होता.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार अस्वस्थ करते. त्या दिवशी जिलाँगच्या बाजूला गोलच्या तोंडाशी होता जॉर्ज गोनिनन. हा मूळचा एसेंडनचाच खेळाडू. कोलमन असताना त्या जागेवर दुसऱ्याची डाळ शिजणार कशी? तो जिलाँगला गेला आणि १९५१ मध्ये ८६ गोल मारून साखळीत पहिला आला. कोलमन १९४९, १९५०, १९५२, १९५३ अशी चार वर्षं पहिला होता. मधलं एकच वर्ष सुटलं, ते त्याच्यामुळे क्लब सोडून गेलेल्या माणसाने घेतलं.

---

नाना_सांगलीकर

पिंपळपान, फार चांगला धागा. मला फूटी कळत नाही, पण हे मैदान आणि हा काळ ओळखीचा आहे. कोलमनने शंभरावा गोल मारला त्याच एमसीजीवर जेमतेम पावणेदोन वर्षं आधी, १९४८ च्या जानेवारीत, आपला संघ कसोटी खेळला होता. स्वतंत्र भारताचा पहिलाच दौरा. विनू मंकडांनी त्या सामन्यात ११६ केल्या आणि फेब्रुवारीत त्याच मैदानावर पुन्हा १११. ॲडलेडला आमच्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. त्याच कसोटीत कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ केल्या.

हजाऱ्यांना त्या दौऱ्यात गोलंदाजी करणारा कीथ मिलर सेंट किल्डाकडून फूटी खेळला होता असं वाचल्याचं आठवतं. खरं का ते?

---

पिंपळपान (मेलबर्न)

नाना, खरं आहे. मिलर सेंट किल्डाकडून साखळीत ५० सामने खेळला, १९४० ते १९४२ आणि युद्धावरून परतल्यावर १९४६ मध्ये. कोलमन यायच्या आधीच तो फूटीतून बाहेर पडला, त्यामुळे दोघं समोरासमोर आले नाहीत. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात फूटी हे तेव्हा सर्रास होतं. मैदानं तीच होती.

तुम्ही त्या दौऱ्याची आठवण काढली ते फार बरं झालं. आपल्याकडे ऑस्ट्रेलिया म्हटलं की क्रिकेटच डोळ्यांपुढे येतं. ज्या मैदानावर मंकड-हजारे खेळले, ते मैदान वर्षातला निम्मा काळ या दुसऱ्या खेळाचं होतं, हे इथे आल्यावर मलाही नव्याने समजत गेलं.

---

मृण्मयी_

नियम समजल्यावर पुन्हा सगळं वाचून काढलं. आता एक वेगळा प्रश्न. या लोकांचं पोट कशावर चालायचं? एवढी गर्दी खेचणारा माणूस, मग पैसेही तसेच मिळत असतील ना?

---

पिंपळपान (मेलबर्न)

नाही गं. इथेच तर दुखतं.

१९३० पासून साखळीत कूल्टर नियम होता. खेळाडूला एका सामन्याचे किती पैसे द्यायचे याची कमाल मर्यादा ठरवलेली. सुरुवातीला ती तीन पौंड होती. पुढे वाढली, तरी खेळावर घर चालवावं इतकी नाही. क्लब श्रीमंत असो की गरीब, तारा असो की नवखा, नियम सगळ्यांना एकच. क्लबांमध्ये समतोल राहावा हा हेतू होता आणि त्याला अर्थही आहे. पण गर्दी खेचणाऱ्या खेळाडूच्या घरी त्यातलं फारसं काही जायचं नाही.

मजेची गोष्ट म्हणजे गावाकडच्या क्लबांना हा नियम लागू नव्हता. त्यामुळे खेड्यातला क्लब प्रशिक्षक-खेळाडू म्हणून बोलावून साखळीपेक्षा कितीतरी जास्त देऊ शकायचा. कॉलिंगवूडचा बॉब रोझ, त्या काळातला एक अव्वल खेळाडू, ऐन भरात असताना साखळी सोडून १९५६ मध्ये वँगरट्टा रोव्हर्सकडे गेला. कुणी त्याला लोभी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. संसार होता, माणूस काय करणार?

कोलमन नंतर हॉटेल व्यवसायात गेला. इथे हॉटेल म्हणजे पब. इथले बरेच खेळाडू त्या धंद्यात शिरायचे, कारण नावाच्या ओढीने गिऱ्हाईक यायचं.

---

तिरकीट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंचे गुडघे हेच रोजचं काम. दुखापतीबद्दल थोडं लिहितो.

१९५४ मध्ये गुडघ्याच्या आत काय झालंय हे पाहायचं साधन नव्हतं. क्ष-किरणात हाड दिसतं. स्नायुबंध आणि गादी दिसत नाहीत. एमआरआय ऐंशीच्या दशकात आलं. दुर्बिणीने गुडघ्यात डोकावून शस्त्रक्रिया करणं सत्तरच्या दशकात रुळू लागलं. त्याआधी गुडघा उघडायचा म्हणजे मोठा छेद, आणि गादी फाटलेली असेल तर ती अख्खी काढून टाकायची ही तेव्हाची सर्वमान्य पद्धत. गादी काढलेला गुडघा काही वर्षांत झिजतो हे आज आम्हाला माहीत आहे. फाटलेला स्नायुबंध नव्याने बांधून देणारी, आज नियमाने होणारी शस्त्रक्रिया तेव्हा सर्वसाधारण उपचारांत नव्हती. त्यानंतरचे नऊ-दहा महिने आम्ही ज्या टप्प्याटप्प्याने स्नायू उभे करतो, तसलं शास्त्रही नव्हतं.

त्यातून कोलमनचा खेळ कसा, तर एका पायावर भार टाकून उडी आणि खाली येताना शरीर हवेत वळलेलं. अशा खेळाडूला गुडघ्याची स्थिरता सगळ्यात जास्त लागते. धावणारा, चेंडू पुरवणारा खेळाडू कदाचित अर्ध्या गुडघ्यावर निभावून नेईल. याला ते शक्य नव्हतं. त्यामुळे आज असता तर बारा महिन्यांनी परत आला असता, असं सहज बोललं जातं ते मला खरं वाटतं. पण गुडघा निखळणं ही आजही गंभीर दुखापत आहे, हेही तितकंच खरं.

---

पिंपळपान (मेलबर्न)

तिरकीट, किती नेमकं लिहिलंत. मनापासून आभार. त्याने १९५६ साठी परतायचा प्रयत्न केला होता, तो का फसला हे तुमच्यामुळे समजलं. अखेर निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

---

अवलिया७८

१९५६ मधले ५६ गोल आणि पंधरा वर्षांचा दुष्काळ हे मला ठाऊक नव्हतं, त्याने वजन पडतं. तरी दीर्घ कारकिर्दीचा माझा मुद्दा शिल्लक आहे. मग प्रश्न असा की १९९६ मध्ये शतकातला सर्वोत्तम संघ निवडला तेव्हा फुल फॉरवर्डच्या जागी लॉकेट किंवा कॉव्हेंट्री न घेता कोलमनलाच का घेतलं? प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामाचाही त्यात वाटा असेल का?

---

पिंपळपान (मेलबर्न)

निवड खेळाडू म्हणूनच होती. त्या संघाचा प्रशिक्षक नॉर्म स्मिथ. लॉकेट १९९६ मध्ये अजून खेळत होता, त्याचा विक्रम १९९९ चा. कॉव्हेंट्रीचे १२९९ गोल मात्र निवडणाऱ्यांसमोर होते. तरी ९८ सामने खेळलेला माणूस निवडला गेला. त्याच वर्षी हॉल ऑफ फेमची पहिली यादी आली, त्यातही तो थेट सर्वोच्च श्रेणीत, लेजंड म्हणून. माझा अर्थ असा की त्यांनी गोल मोजले नाहीत, धाक मोजला. कोलमनला राखायचं या एका विचाराने प्रतिस्पर्धी संघाची सगळी आखणी बदलायची. चेंडू हवेत गेला की माणसं श्वास रोखून उभी राहायची, असं ज्यांनी त्याला पाहिलं ते सगळे सांगतात.

प्रशिक्षक कोलमनवर कुणी बोलतच नाही, तुम्ही विषय काढलात ते बरं. १९६१ मध्ये त्याने रेनॉल्ड्स यांच्याकडून एसेंडनची सूत्रं घेतली. विचार करा, बावीस वर्षं एकच माणूस तिथे बसलेला होता, १९३९ पासून. अशा माणसाच्या जागी बसणं सोपं नसतं. दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, जॅक क्लार्कच्या नेतृत्वाखाली विजेतेपद, कार्लटनला ९० विरुद्ध ५८ असं हरवून. पुन्हा कार्लटनच! १९६५ मध्ये एसेंडन साखळीत चौथा आला. चौथ्या क्रमांकावरून चषक जिंकायचा तर एकही सामना हरून चालत नव्हतं. ते तीनही सामने जिंकले आणि ग्रँड फायनलमध्ये सेंट किल्डाला १०५ विरुद्ध ७० असं नमवलं. कर्णधार केन फ्रेझर.

म्हणजे खेळाडू म्हणून दोन विजेतेपदं, प्रशिक्षक म्हणून दोन. १९६७ पर्यंत तो त्या जागेवर होता. एवढं केलेल्या माणसाला अपुरा राहिलेला म्हणून ओळखायचं, हे मला सलतं ते यासाठी.

तो गेला १९७३ च्या एप्रिलमध्ये, ड्रोमानाला, हृदयविकाराने. ४४ वर्षांचा होता. ती हळहळ मात्र खरी आहे, तिला माझा विरोध नाही.

---

रानवारा

ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आर्गस या मेलबर्नच्या वर्तमानपत्राचे १९४९ ते १९५४ चे अंक आहेत, फुकट वाचता येतात. काल रात्री १९ एप्रिल १९४९ च्या आसपासचे अंक चाळत बसलो. पुस्तकात सांगितलेली गोष्ट आणि त्याच आठवड्यात लिहिलेली बातमी यांत फार फरक असतो. बातमी लिहिणाऱ्याला पुढचं काहीच माहीत नसतं. ज्यांना रस आहे त्यांनी जरूर बघा.

एक विचारायचं होतं. कोलमनला ब्राउनलो पदक एकदाही का मिळालं नाही?

---

पिंपळपान (मेलबर्न)

ब्राउनलोची मतं मैदानावरचे पंच देतात आणि पंचांच्या नजरेसमोर दिवसभर असतात ते मधले खेळाडू, रोव्हर आणि रकमन (उसळवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा उंच खेळाडू). फुल फॉरवर्ड एका टोकाला उभा. लॉकेटने १९८७ मध्ये हॉथॉर्नच्या जॉन प्लॅटनसोबत ते विभागून घेतलं, त्याआधी फुल फॉरवर्डला ते कधी मिळालंच नव्हतं. कोलमनला चेंडू पुरवणाऱ्या हचिसनला मात्र मिळालं, १९५३ मध्ये. आणि १९५२ मध्येही रिचमंडच्या रॉय राइटइतकीच मतं त्याला होती, पण तेव्हाच्या नियमाने पदक एकट्या राइटला गेलं. हचिसनचं १९५२ चं पदक त्याला थेट १९८९ मध्ये देण्यात आलं.

---

नाना_सांगलीकर

३७ वर्षांनी! या हचिसनवर लिही की. वाचायला आवडेल.

---

पिंपळपान (मेलबर्न)

लिहिते नाना. रेनॉल्ड्सही त्यात येतील, दोघांना वेगळं काढता येत नाही. पुढच्या आठवड्यात नवा धागा काढते.